पक्षी बघणाऱ्यानं मोर्चात जावं का?

एका पक्षीनिरीक्षकाचा प्रश्न थोडक्यात असा: आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत एक जुनं तळं आहे. सहा वर्षं मी तिथं दर रविवारी पहाटे पक्षी मोजतो. आता तळ्याच्या काठानं रस्ता व्हायचाय, त्यात दोन-अडीचशे झाडं जातील. येत्या रविवारी सकाळी अकराला मोर्चा आहे. आमच्या निसर्गमंडळातले ज्येष्ठ म्हणतात, आपण पक्षी बघावेत, राजकारणात पडू नये. पाणथळ जागांच्या धोरणावर मी एक लेख लिहिला, तर ‘फोटो टाका, भाषण नको’ असं ऐकून घ्यावं लागलं. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला त्रास व्हायला नको. मोर्चात जावं का? लिहीत राहावं का?

जा. लिहीतही राहा. मी सत्तावीस वर्षं माळरानं आणि पाणवठे फिरतोय. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पक्ष्यांच्या बरोबरीनं मोर्चे, जनसुनावण्या आणि वृक्ष प्राधिकरणाचे हेलपाटे यांतही गेली. जिंकलो कमी वेळा, हरलो जास्त वेळा. म्हणून नुसतं ‘जा’ म्हणून थांबत नाही. काय घेऊन जायचं आणि कुणाला सोबत घेतल्याशिवाय जायचं नाही, हे जरा विस्तारानं सांगतो.

तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं मला परकं नाही, एकेकाळी मीही तेच म्हणायचो. पहाटे तळ्यावर धुकं असतं, चक्रवाकांची जोडी आवाज करत उतरते, त्या वेळी निविदा आणि पालकमंत्री हे शब्दही कानावर पडू नयेत असं वाटतं. पण ती जोडी पुढच्या हिवाळ्यात उतरणार की नाही, हे ते तळं सरकारी दप्तरात काय म्हणून नोंदलंय यावर बरंचसं ठरतं. साध्या कावळ्याचं उदाहरण घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा पाचव्या अनुसूचीत होता, म्हणजे उपद्रवी जीवांच्या यादीत. फळं खाणारी वटवाघळंही तिथंच होती. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची सहाच्या चार झाल्या आणि उपद्रवींची ती यादी गेली. कावळ्याच्या वागण्यात काही फरक पडला नव्हता, बदल संसदेत झाला. प्राण्यावर प्रेम करायचं आणि त्याचं भवितव्य जिथं ठरतं त्या खोलीकडे पाठ करून बसायचं, हे मला आता जमत नाही.

तुमच्या तळ्याच्या बाबतीत तर ही गोष्ट फार जवळची आहे. पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम काढून वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं मुद्दाम बांधलेले जलाशय त्या नियमांतून वगळलेले आहेत. आता आपल्या नांदूर मध्यमेश्वरकडे बघा. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागं पाणी आणि गाळ साचून झालेली ती जागा, जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली. पुढं त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी त्या यादीत गेली. रामसर स्थळांना हे नियम लागू आहेत. पण नांदूरसारखंच बांधामागं साचलेलं, तितकंच गजबजलेलं एखादं गावतळं ‘सिंचनासाठी बांधलेलं’ म्हणून एका ओळीत बाहेर पडू शकतं. म्हणून मोर्च्याच्या घोषणा लिहिण्याआधी एक काम करा. तुमचं तळं कुणी बांधलं, केव्हा आणि कशासाठी, याचा कागद शोधा. जुना सातबारा, नगरपरिषदेचा नकाशा, जिल्ह्याचं गॅझेटिअर, भूमी अभिलेखातला मोजणी नकाशा, जे मिळेल ते. ते नैसर्गिक खोलगट भागात साचलेलं पाणी निघालं तर तुमच्या हातात फार मोठी गोष्ट आली. बांधलेलं निघालं तर वाट वेगळी धरावी लागेल, आणि ते रस्त्यावर उतरण्याआधी कळलेलं बरं. समोरच्या अधिकाऱ्याला हे ठाऊक असतं. आपल्यालाच नसतं, आणि मग पहिल्याच बैठकीत आपलं तोंड बंद होतं.

‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा ‘पक्ष नको’ एवढंच असतं, आणि तिथं मी त्यांच्या बाजूचा आहे. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धचं आरेचं आंदोलन ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं ‘जैसे थे’चा आदेश दिला तोवर २,१४१ झाडं पडली होती. पुढं सरकार बदललं, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगीच्या मर्यादेबाहेर जाऊन झाडं तोडायला निघाल्याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाख रुपये भरायला लावले. या चार वर्षांत जे कार्यकर्ते एखाद्या पक्षाच्या प्रेमात होते, ते त्या पक्षाची सत्ता आली की गप्प झाले, गेली की पुन्हा बोलू लागले. लोकांच्या ते लक्षात राहतं. जे फक्त निर्णयावर बोलत राहिले, मग खुर्चीत कुणीही असो, त्यांचा शब्द टिकला. त्या सगळ्या गदारोळात आरेतली ८०० एकरांहून जास्त जमीन राखीव वन म्हणून वनखात्याकडे गेली, हे मात्र लोक विसरतात. मला तो त्या आंदोलनाचा सर्वांत टिकाऊ भाग वाटतो.

आरेनं मला वेळेचा धडाही दिला. झाडं गेली ती दोन न्यायालयांच्या मधल्या तीन दिवसांत. आपण सगळे निकालाची वाट पाहत होतो, निकालानंतर त्याच रात्री काय करायचं याची तयारी फारच थोड्यांची होती. तुमच्याकडे दोन-अडीचशे झाडांचा प्रश्न आहे, तर हे नीट ऐका. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे. तोडीचा प्रस्ताव आला की वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस लावावी लागते, आणि हरकतीला सात दिवस मिळतात. फक्त सात. ती नोटीस बहुधा कमी खपाच्या एखाद्या पेपरच्या आतल्या पानावर येते आणि झाडावरचा कागद पहिल्या पावसात गळून पडतो. मंडळातल्या एका माणसाला रोज ते पान बघण्याचं काम द्या. आणि झाडं स्वतः मोजा. २०२१ च्या दुरुस्तीनं २०० किंवा जास्त झाडांचा प्रस्ताव राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे नेला होता, आज तो कुणाकडे जातो हे विचारून घ्या. ५० वर्षांवरच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळी वागणूक आहे. त्यामुळे एकच प्रस्ताव तुकड्यांत आला आहे का, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. आम्ही एका ठिकाणी खोडाला चुन्याचे आकडे घालत दोन दिवसांत साऱ्या रस्त्याची झाडं मोजली. आमची बेरीज आणि प्रस्तावातली बेरीज यांत ४३ चा फरक निघाला. बैठकीत त्या ४३ झाडांनी जे काम केलं ते आमच्या एकाही घोषणेनं केलं नाही.

आता मी ज्या आंदोलनाकडे पुन्हा पुन्हा बघतो ते सांगतो. गोव्यात भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या पट्ट्यातून तीन प्रकल्प जाणार होते. रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी. २०२० ची टाळेबंदी होती, बाहेर पडणं अवघड होतं. तरीही तिथल्या तरुणांनी काय केलं? शास्त्रज्ञांनी अहवालांतल्या चुका शोधून पत्रं लिहिली, चित्रकारांनी त्या जंगलातले जीव काढले, वकिलांनी कागद लावले, विद्यार्थ्यांनी ते सोप्या भाषेत घरोघरी पोचवलं. आणि १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर गावात माणसं मेणबत्त्या घेऊन रेल्वे रुळांवर आली, पहाटेपर्यंत बसून राहिली. मी त्या रात्री तिथं नव्हतो. नंतर गेलो, रुळांलगतच्या घरांच्या व्हरांड्यांत बसलो. एका मावशीनं मला खिडकीच्या गजावरून बोट फिरवून दाखवलं. बोट काळं झालं. कोळशाच्या गाड्यांची धूळ. ती म्हणाली, दुसरा रूळ आला तर हे दुप्पट होईल. त्या घरात बिबट्याचं किंवा धनेशाचं नावही निघालं नाही. ती रुळावर बसली होती ती आपल्या खिडकीसाठी.

मला त्या दिवशी जे उमगलं ते असं. अभयारण्याची बाजू कागदावर लढवणारे आणि खिडकीसाठी रुळावर बसणारे एकमेकांना ओळखत होते. त्यांनी एकमेकांचं म्हणणं उसनं घेतलं, आपलं म्हणून मांडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीनं एप्रिल २०२१ च्या अहवालात रेल्वेच्या गरजेवरच प्रश्न उभा केला, आणि ९ मे २०२२ ला न्यायालयानं कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. नुसत्या मेणबत्त्यांनी हे झालं नसतं. पण नुसत्या फाइलनंही झालं नसतं, कारण फाइल कुणाची तरी आहे, ती बंद केली तर कुणीतरी विचारायला येईल, हे त्या मेणबत्त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी चाळीसेक वर्षांपूर्वी केरळात हेच झालं होतं. सायलेंट व्हॅलीत कुंतिपुळा नदीवर धरण होणार होतं, आणि ‘एका माकडासाठी वीज सोडायची का’ असं विचारलं जात होतं. सिंहपुच्छ वानर तेव्हा किती जणांनी पाहिला असेल? केरळ शास्त्र साहित्य परिषदेची माणसं तो प्रश्न विजेचे आकडे, पाऊस, नदी यांच्या भाषेत गावोगाव घेऊन गेली. १९८४ मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

तुमची सहा वर्षांची वही म्हणूनच एवढी मोलाची आहे. वर्षाला पन्नासेक रविवार धरले तरी जवळपास तीनशे मोजण्या होतात. ज्या सल्लागारानं प्रकल्पाचा अहवाल लिहिलाय त्यानं तिथं तीन दिवस तरी काढले असतील का? एका खाणीच्या जनसुनावणीत मी अहवालाचं प्राण्यांचं पान उघडलं तर सस्तन प्राण्यांत पाच नावं होती: कुत्रा, मांजर, गाय, म्हैस, ससा. जागा माळरानाची होती, दप्तरात ‘पडीक’. मांडव घातलेला, पंखे, पुढच्या खुर्च्यांवर बाहेरगावाहून आणलेली माणसं, मागं उन्हात गाव उभं. माझी पाळी आली तेव्हा अध्यक्षस्थानच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, कुठल्या संस्थेचे? म्हटलं, संस्था नाही साहेब, अकरा वर्षं या माळावर येतोय, वही आणलीय. तारीखवार वाचायला लागलो. लांडग्याची जोडी, चार पिल्लं, अमुक तारखेला अमुक ओढ्याच्या वर. खोकड. धाविक. भोवत्या या शिकारी पक्ष्यांचा रातथारा, एका संध्याकाळी मोजलेले ६२. दोन-तीन मिनिटांत मांडव शांत झाला. ‘जैवविविधता’ हा शब्द मी एकदाही वापरला नाही. तारखा वाचत राहिलो.

मग एका धनगर आजींनी माईक मागितला. त्यांना तो धरता येईना, पोराने धरला. म्हणाल्या, “लांडगा दर साली दोन-चार कोकरं नेतो. त्याचा वाटा हाय, नेऊ दे. पन माळच नेला तर आमी मेंढरं कुटं घालायची, ते सांगा.” माझ्या अकरा वर्षांच्या नोंदींना त्या दोन वाक्यांनी पाय दिले. तो प्रकल्प पुढं रखडला. त्याची कारणं अनेक होती, श्रेय मी घेत नाही. पण इतिवृत्तात लांडगा आला, आणि एकदा इतिवृत्तात आलेला प्राणी ‘तिथं नाहीच’ असं कुणाला म्हणता येत नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीचं चित्रीकरण करावं लागतं आणि कामकाजाचा गोषवारा शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. शेवटपर्यंत थांबा, तो वाचायला लावा, आपलं म्हणणं त्यात नसेल तर तिथंच उठून सांगा. बहुतेक लोक आपलं बोलून झालं की चहाला जातात.

भाषेवरून आठवलं. २०२० चा पर्यावरण आघात अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीतच आला होता. त्या वर्षी ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं तो आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या २२ भाषांत द्यायला सांगितलं आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. तुमच्या रस्त्याचा अहवाल मराठीत मागणं हेही आंदोलनच आहे, आणि ते मागायला मोर्च्याची परवानगी लागत नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही जड जातं. नोव्हेंबर २०१८. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात टी-१ वाघीण, जिला सगळे अवनी म्हणू लागले होते, २ तारखेच्या रात्री गोळी घालून मारली गेली. मागं दहा महिन्यांच्या आसपासचे दोन बछडे राहिले. आम्ही शहरात मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो. मी रडलो होतो, खोटं सांगत नाही. तिला ज्या पद्धतीनं मारलं त्यावरचे प्रश्न रास्त होते आणि आजही आहेत. काही महिन्यांनी त्या भागात गेलो. एका घरी चहा झाला. घरातला कर्ता पुरुष कापसाच्या शेतात गेला होता तो परतला नव्हता. त्याची भावजय म्हणाली, “तेरा माणसं गेली भाऊ. तवा तुमच्या मेणबत्त्या कुठं होत्या?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या तेरापैकी एकाचंही नाव मला आठवत नव्हतं, वाघिणीचं मात्र पाठ होतं.

त्या वेळची राजकीय चर्चाही आठवून पाहा. केंद्रातल्या मंत्री मनेका गांधी आणि राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यात जाहीर जुंपली, राजीनाम्याची मागणी झाली, आठवडाभर तेवढंच चाललं. जंगलाच्या कडेची गावं सरपणाला आणि गुरांमागं रानात का जातात, तिथं कुरणं कुठं गेली, हा विषय कुणी फारसा काढलाच नाही. मी लिहिलेले लेखही बघितले. मीही काढला नव्हता.

बिबट्याचं असंच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. गाडी पेटवणं चूकच, पण त्या रस्त्यावरच्या माणसांना ‘वन्यजीवविरोधी’ म्हणून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. तोही वन्यजीवांबद्दलचाच मोर्चा होता, आणि आपण त्यात नव्हतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी या मुलखात जे काम केलंय ते वाचा. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले की तिथं संघर्ष वाढतो, हे त्यांनी जुन्नरच्या अनुभवावरून दाखवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात उसाच्या शिवारात दर १०० चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे राहतात आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा असतो, हेही त्यांच्याच अभ्यासातून आलं. म्हणजे बिबट्या तिथला रहिवासी आहे. मग मागणी काय करायची? माझ्या मते पहिली मागणी आहे शेतीपंपाला दिवसा वीज. रात्री दोनला उसात पाणी द्यायला जायची पाळी माणसावर येते ती वेळापत्रकामुळे, आणि वेळापत्रक बदलता येतं. पक्षीमित्रांनी दिवसाच्या विजेसाठी शेतकऱ्यांबरोबर महावितरणच्या कार्यालयापुढं बसावं, असं मी म्हणतो तेव्हा लोक चमकतात. मला ती बिबट्यासाठी केलेली सर्वांत सरळ कृती वाटते.

लोकांना वगळून केलेलं प्रेम काय करतं, याचं उदाहरण सोलापूरजवळच्या नान्नजचं आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आखलं. त्यात तालुकेच्या तालुके आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, आणि माळढोकाचं नाव काढलं की शेतकरी चिडू लागला. २०१२ पर्यंत ते कमी करत १,२२२ वर आणलं. तोवर पक्षी हातचा गेल्यात जमा होता. मी त्या भागात फिरलोय. माळढोक पाहिलेली म्हातारी माणसं त्याच्याबद्दल मायेनं बोलतात, त्यांची मुलं रागानं बोलतात. कायदा चांगल्या हेतूनं झाला होता, पण एका पिढीत पक्षी त्या घरांचा शत्रू झाला.

तेव्हा तुमच्या तळ्यावर परत येऊ. तिथं मासेमारी कुणाची आहे? धुणं धुवायला कोण येतं? शिंगाडे कोण काढतं? गुरं कुणाची उतरतात? आणि तो रस्ता नेमका कुणाला हवाय? दवाखाना लांब पडतो म्हणून एखाद्या वस्तीला तो खरोखर हवा असेल तर त्या वस्तीशी मोर्च्याआधी बोला, आणि दुसऱ्या बाजूनं जाणारी आखणी कागदावर काढून घेऊन जा. ‘रस्ता नको’ म्हणणाऱ्या मोर्च्याला त्या वस्तीतली आई कधी माफ करणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

मोर्च्याच्या कायदेशीर बाजूचं थोडक्यात. शांततेनं, निःशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. पण रस्ते बेमुदत अडवता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये शाहीन बागच्या निकालात सांगितलंय. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मार्ग आणि वेळ लिहा. जमावबंदीचं पूर्वीचं कलम १४४ म्हणजे आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १६३. ते किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ वं कलम लागू आहे का, हे आदल्या दिवशी विचारा. एक वकील ओळखीचा ठेवा. मुलांना नेणार असाल तर पालक सोबत हवेत.

आणि मोर्चा तळ्यावर नेऊ नका, हे मात्र हात जोडून सांगतो. झाडांवर बगळ्यांची, चित्रबलाकांची घरटी असतील तर पाचशे माणसं, ढोल आणि ड्रोन खाली आल्यावर पिल्लं घरट्यातून पडतात, आई-बाप तासन्‌तास परतत नाहीत, कावळे आणि घारी टपलेल्याच असतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि ज्यांनी केलं ते पक्षीप्रेमीच होते. निर्णय नगरपरिषदेत झालाय, मोर्चा नगरपरिषदेवर न्या. लेखातही घरट्यांचं नेमकं ठिकाण टाकू नका.

लिखाणाबद्दल. ‘फोटो टाका’ म्हणणाऱ्यांवर चिडू नका, फोटो टाकाच. फोटोखाली तारीख, त्या दिवसाची संख्या आणि ते झाड प्रस्तावात आहे की नाही हे लिहा. लोक सुंदर पक्षी बघायला आलेले असतात, त्यांना कळू दे की तो बसलाय ते बाभळीचं झाड यादीत ११७ व्या क्रमांकावर आहे. निर्णयावर टीका करताना ठराव क्रमांक आणि तारीख द्या, माणसाच्या आडनावावर, जातीवर, पक्षावर जाऊ नका. जे पाहिलं ते, जे त्यावरून वाटतं ते आणि जे मागायचं ते, वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा. आणि वाढवून सांगू नका. एका सभेत आमच्यातल्याच एकानं भरात ‘इथं माळढोक आहे’ म्हणून ठोकलं. अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, शेवटचा कधी दिसला? त्या एका वाक्यानं आमच्या बाकीच्या खऱ्या नोंदींवरही पाणी पडलं. तुमच्या तळ्यावर दुर्मीळ काहीच नसेल तर तसंच सांगा. हळदीकुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, खंड्या, वंचक, एवढ्यांचं घर मोडणं ही पुरेशी मोठी गोष्ट आहे. चढत-उतरत गेलेली संख्याही झाकू नका. एखाद्या हिवाळ्यात पक्षी कमी आले असतील तर ते पान फाडायचं नाही.

वहिनींबद्दलची तुमची काळजी योग्य आहे. त्यांना सेवेतली वर्तणूक नियमावली लागू आहे, तुम्हाला नाही. त्यांचं नाव पत्रकावर, निवेदनावर, पदाधिकाऱ्यांच्या यादीत येऊ देऊ नका, त्यांच्या फोनवरून काही पाठवू नका. त्यांच्या शाळेतली मुलं तळ्यावर पक्षी बघायला जाणं हा शिक्षणाचा भाग आहे, तो मोर्च्याच्या आठवड्यात मुद्दाम घडवून आणू नका, एरवी खुशाल चालू द्या. कुणी त्यांना तोंडी समज दिलीच तर लेखी मागा. बहुतेक वेळा ती लेखी येत नाही.

मंडळातल्या ज्येष्ठांना मोर्चाला ओढू नका. त्यांच्याकडे तुमच्याही आधीच्या वह्या असतील. मला खात्री आहे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या नोंदी कुठल्यातरी ट्रंकेत पडल्या असतील. त्या मागा, त्यांच्याच हातानं त्यांतली यादी उतरवून घ्या, खाली त्यांची सही आणि तारीख. ते रस्त्यावर येणार नाहीत, पण त्यांची वही आली की झालं.

रविवारी मोर्चा अकराला आहे. पहाटेची मोजणी चुकवू नका. नेहमीच्या जागी उभे राहा, नेहमीइतकाच वेळ द्या, आकडे वहीत लिहा आणि पानाचे दोन फोटो काढून एक दुसऱ्याकडे ठेवा. मग घरी जाऊन अंघोळ करून या. निवेदन देताना मुख्याधिकारी बहुधा विचारतील, तिथं आहे तरी काय? तेव्हा त्याच दिवशीचं पान उघडून वाचा.